शेळीवाल्या बाईचं नाव

उबाल्दो कान्तियोच्या मूर्खपणाला हसायची कुणाला संधीच मिळत नसे, कारण ते काम तो स्वतःच इतक्या आवडीनं करी की बाकीच्यांना नुसतं मान हलवायचं उरे. रेबोलो वस्तीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याचं दुकान आहे. तिथे गळ्याभोवती पांढरं फडकं बांधून बसला की तो सुरू व्हायचा. "या बारान्किया शहरात गाढवांना तोटा नाही," तो म्हणायचा, "पण दुसऱ्यानं चरू नये म्हणून कुरणाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच चारा समजून खाल्ली, असं गाढव मी एकटाच." न्हावी कात्री थांबवून विचारायचा, "कुठलं कुरण, सेन्योर उबाल्दो?" न्हाव्याला गोष्ट पाठ होती, पण तरी विचारायचा. आमच्याकडे तशी रीत आहे. माणूस स्वतःची फजिती सांगायला निघाला की त्याला वाट करून द्यावी.

उबाल्दो आता बहात्तर वर्षांचा. तीस वर्षं त्यानं बंदरावर काढली. क्रेनखाली उभं राहून वरच्या माणसाला हाताच्या खुणा करायच्या, एवढंच त्याचं काम. अजूनही तो बोलताना हात असे हलवतो की समोरच्यानं दोन पावलं मागं सरकावं. पण बंदरावरचा उबाल्दो हा फक्त सोमवार ते शनिवारचा. रविवारी दुपारी तो 'वादळाचा बाप' या पिकोचा मालक असे.

पिको म्हणजे पुरुषभर उंचीची स्पीकरची पेटी. ती रस्त्यात उभी करायची, वायर जवळच्या घरातून घ्यायची, आणि मग गल्ली आपोआप नाचायला येते. पेटीच्या पडद्यावर भडक रंगात चित्र काढतात आणि पेटीला जरब बसेल असं नाव देतात. 'वादळाचा बाप'वर गाल फुगवून फुंकर मारणारा एक दाढीवाला राक्षस होता. रंगाऱ्यानं तो कुणाला बघून काढला ते कळलं नाही, पण उबाल्दोचं लग्न झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की तो हुबेहूब त्याच्या सासूसारखा दिसतो. उबाल्दोनं दाढी आणखी लांब रंगवून घेतली. उपयोग झाला नाही.

त्या काळी पिकोवाल्याची इभ्रत एकाच गोष्टीवर होती. त्याच्याकडे असं गाणं हवं जे दुसऱ्या कुणाकडे नाही. आफ्रिकेकडून येणारे खलाशी रेकॉर्डी घेऊन यायचे. कुणाला त्यांची भाषा कळत नसे, नावं बायकांची की बाप्यांची तेही उमगत नसे, पण गाणी पायांना कळायची. अशी रेकॉर्ड हाती लागली की मालक आधी तिचं पाकीट चुलीत घाली. मग लेबलावर ओलं फडकं ठेवून, ब्लेडनं खरवडून, ते पार पांढरं करून टाकी. गाणाऱ्याचं नाव गेलं की गाणं आपलं. दारू चढल्याचं सोंग घेऊन पिकोवर रेलणारे हेर असत, त्यांचा डोळा फिरत्या लेबलावर असे. त्यांना दिसायचं काय, तर नुसतं गरगरणारं पांढरं चकतं.

उबाल्दो या कामात सगळ्यांच्या वरताण. लेबल तर तो खरवडेच, शिवाय मधल्या भोकाजवळ कारखान्यानं कोरलेले आकडेही खिळ्यानं घासून टाकी. वही ठेवत नसे, कारण वही चोरीला जाते. "सगळं इथं आहे," म्हणून तो कपाळावर बोट ठेवी. ज्या जागेला त्याच्या आईनं सुद्धा कधी महत्त्वाचं काम सांगितलं नव्हतं, तिथे त्यानं आपली सगळी दौलत ठेवली.

या सगळ्या रेकॉर्डींत त्याची लाडकी होती 'शेळी'. हे नाव गल्लीनं दिलं. गाण्याच्या सुरुवातीला गिटार असं काही थरथरतं की भुकेलेली शेळीच दारात आली असं वाटावं. एकोणऐंशी सालच्या एका रविवारी त्यानं ती पहिल्यांदा लावली, तेव्हा कुणी जागचं हललं नाही. लोक बाटल्यांकडे बघत बसले. उबाल्दोला घाम फुटला. त्यानं यंत्राशी काहीतरी खटपट केली, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली, आणि गल्ली पेटली. त्या दिवशी 'शेळी' अकरा वेळा वाजली.

अकराव्या वेळी हिरव्या झग्यातली एक मुलगी नाचता नाचता थांबली आणि सरळ पिकोपाशी आली. ती एम्पेरात्रीस. हातात सरबताचा पेला, कपाळावर घाम.

"ही बाई कोण गातेय?" तिनं विचारलं.

"ते गुपित आहे," उबाल्दो म्हणाला.

"मला आवडली ती. घाई करत नाही. घर पेटलंय हे तिला माहीत आहे, तरी आधी अंबाडा नीट बांधतेय."

उबाल्दोनं तोपर्यंत त्या गाण्यातलं फक्त गिटार ऐकलं होतं. त्यानं पुन्हा कान दिला, आणि खरंच त्या आवाजात कुणीतरी निवांतपणे अंबाडा बांधत होतं. त्याच क्षणी तो तिच्या प्रेमात पडला. नाव त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. पण मागून कुणीतरी हाक मारली, "एम्पे, चल," आणि उबाल्दोनं बघितलं तर हाक मारणारा दागोबेर्तो. 'दर्याचा सुलतान' या पिकोचा मालक, म्हणजे उबाल्दोचा पक्का वैरी. मुलगी त्याची धाकटी बहीण निघाली.

उबाल्दोनं नाव गिळलं. मुलीशी मात्र लग्न केलं.

लग्नानंतर महिनाभरानं, सकाळी कॉफी गाळताना, एम्पेरात्रीसनं दुसऱ्यांदा विचारलं, "आता तरी सांग, कोण आहे ती?" उबाल्दो म्हणाला, "बघू." त्याला वाटलं, आज हिला सांगितलं तर रविवारी सुलतानाच्या पेटीवर शेळी ओरडेल. एम्पेरात्रीसनं कॉफीचा पेला पुढं केला आणि तो विषय पुन्हा काढला नाही. उबाल्दोला वाटलं, ती विसरली. बायकोबद्दल त्याच्या चुका पुष्कळ झाल्या, पण ही पहिल्या नंबरची.

ती विसरली नव्हती. दर वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आमच्या चर्चमध्ये आपापल्या गेलेल्यांची नावं द्यायची असतात. पाद्री ती वाचून दाखवतो आणि सगळे मिळून त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. एम्पेरात्रीसच्या यादीत आईबाप, नदीत बुडालेला मामा, आणि त्यांच्याखाली तिचे आवडते वाजवणारे नि गाणारे असत. ते तिचे कुणी नव्हते. पण ती म्हणे, "आईनं मला जन्म दिला, आणि या मंडळींनी मला रविवार दिले." दम्यानं बेजार असूनही ट्रम्पेट न सोडलेला कार्मेलो होता, कारण तो मध्येच श्वास घ्यायला थांबायचा आणि त्या थांबण्यातच तिला त्याचं गाणं ऐकू यायचं. तीन बोटांचा एक ढोलवाला होता, कारण दोन बोटं नसल्याचं त्यानं कुणाला जाणवू दिलं नाही. आणि सगळ्यात शेवटी, 'शेळीवाली बाई'. म्हातारे पाद्री ते नावही गंभीरपणे वाचत आणि अख्खं चर्च तितक्याच गंभीरपणे आमेन म्हणे. ती बाई मेली आहे हे कुणी सांगितलं होतं असं नाही, पण एवढं चांगलं गाणारं माणूस फार टिकत नाही असं एम्पेरात्रीसचं मत होतं.

गेल्या वर्षी म्हातारे पाद्री वारले आणि नवे आले. तरुण, चष्मेवाले, व्यवस्थित. त्यांनी छापील कागद केला. नाव, आडनाव, दोन चौकटी. ऑक्टोबरच्या मध्यावर एम्पेरात्रीस कागद भरून घेऊन गेली आणि परत घेऊन आली.

"सेन्योरा, शेळीच्या नावानं प्रार्थना करता येत नाही, म्हणाले." तिनं कागद टेबलावर ठेवला. "बाप्तिस्म्याचं नाव पाहिजे. सांग."

उबाल्दो पपई कापत होता. त्यानं सुरी खाली ठेवली. गेली तीस-पस्तीस वर्षं ज्या प्रश्नाला तो मनातून घाबरत होता, तो आज आला होता.

"एम्पे, मला आठवत नाही."

"म्हाताऱ्या, आज खोटं बोलू नकोस."

"खरंच सांगतो. ब्याऐंशीपर्यंत होतं. मग मुलगी झाली, मग बंदरावर संप झाला, मग कधीतरी बघतो तर नाही. मी कपाळ हलवून बघितलं, आत काही वाजलं नाही."

"तुला त्या वर्षीच्या फुटबॉल संघातले अकराच्या अकरा जण आठवतात. बाकावर बसलेलेसुद्धा."

"त्यांची नावं मी खरवडली नव्हती ना."

न्हाव्याच्या दुकानात हे वाक्य हशा घेऊन गेलं असतं. स्वयंपाकघरात एम्पेरात्रीस हसली नाही. तिला वाटलं, हा अजूनही लपवतोय. ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली, रेकॉर्डच्या यंत्राची सुई काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली.

"नाव आण आणि सुई ने," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर उबाल्दोला बरं वाटलं असतं.

आठ दिवस त्या घरातून गाणं आलं नाही. शेजारचे विचारू लागले, घरात कुणी गेलं का. एम्पेरात्रीस जेवायला वाढत होती, बोलत होती, पण कसं, तर खानावळीतल्या माणसाशी बोलावं तसं. 'अजून भात हवा का?' यापुढं काही नाही. उबाल्दो रात्री जागा राही, आणि सकाळी आरशासमोर दाढी करताना आरशातल्या माणसाला नाव विचारी. तो माणूस तोंडाला फेस लावून गप्प उभा असे.

मुलगी यादिरा दवाखान्यात नर्स आहे. ती शनिवारी आली आणि तिनं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "पप्पा, यासाठी आठ दिवस? फोनला गाणं ऐकवलं की तो नाव सांगतो. जगातली सगळी गाणी त्याला माहीत असतात." तिनं आईकडून दहा मिनिटांच्या बोलीवर सुई आणली. उबाल्दोनं 'शेळी' लावली. शेळी ओरडली, बाई गायला लागली, यादिरानं फोन स्पीकरला टेकवला. फोन विचार करत राहिला आणि म्हणाला, सापडलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच.

"बघितलंस?" उबाल्दोची छाती फुगली. "जगात कुणाकडे नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो."

मग त्याला दारात हात पुढं करून उभी असलेली बायको दिसली. त्यानं सुई काढून तिच्या तळहातावर ठेवली. छाती आपोआप खाली आली.

आता एकच माणूस उरला होता. दागोबेर्तो पलीकडच्या लास निएवेस वस्तीत राहतो. गेली चाळीस वर्षं दोघं मेव्हणे एकमेकांशी बोलले ते फक्त मयतीला आणि बाप्तिस्म्याला, तेही मध्ये तिसरं माणूस ठेवून. रविवारी सकाळी उबाल्दोनं अंगणातल्या झाडाची लिंबं पिशवीत भरली आणि निघाला. वाटेत तीनदा परत फिरला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथं हरीही गाढव आणि ज्याचे पाय धरायचे तोही गाढव, असं तो नंतर सांगायचा.

दागोबेर्तो दारात बनियनवर बसून मासे साफ करत होता. त्यानं वर बघितलं.

"दाजीसाहेब. कोण गेलं?"

"कुणी नाही. लिंबं आणली."

"लिंबं घेऊन तू माझ्या दारात आलास म्हणजे कुणीतरी गेलंच असणार."

उबाल्दोनं पायरीवर बसून सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दागोबेर्तोनं मध्ये एकदाही टोमणा मारला नाही, त्यामुळे उबाल्दोला संशय आला.

"हसत का नाहीस, मेव्हण्या?"

दागोबेर्तोनं हात धुतले, आत गेला आणि पलंगाखालून एक रेकॉर्ड घेऊन आला. तिच्या मधोमध पांढरं चकतं होतं.

"त्र्याऐंशी साली मिळवली," तो म्हणाला. "दोन वर्षं मी बंदरावरच्या प्रत्येक खलाशाला ते गाणं गुणगुणून दाखवत होतो. लोक मला वेडा समजायचे. शेवटी एका बोटीवरच्या आचाऱ्यानं ओळखलं आणि पुढच्या खेपेला आणून दिली."

"मग वाजवली का नाहीस कधी?"

"आणि सगळ्यांना दाखवू की सुलतान बापाच्या मागं मागं चालतो? घरीच ऐकायचो. दार लावून."

उबाल्दोला बसल्या बसल्या आनंद झाला. "म्हणजे तुला नाव माहीत आहे."

दागोबेर्तोनं रेकॉर्डकडे बघितलं. "मीही खरवडलं."

"तुझी रेकॉर्ड पलंगाखाली होती. कोण बघणार होतं?"

"सवय," दागोबेर्तो म्हणाला.

दागोबेर्तोनं रेकॉर्ड मांडीवर ठेवली. मग तो हळूच म्हणाला, "एम्पे आली होती माझ्याकडे. चौऱ्याऐंशी साली, यादिराला कडेवर घेऊन. विचारत होती, त्या बाईचं नाव तुला माहीत आहे का. तेव्हा मला पाठ होतं. मी म्हणालो, नाही."

"का?"

"मला वाटलं, माझ्याकडे रेकॉर्ड आहे का ते बघायला तूच तिला पाठवलंयस."

उबाल्दोनं मनाशी हिशेब केला. तिला एक नाव हवं होतं, कारण तिला एक आवाज आवडला होता, बस. नवऱ्यानं तिला भावाची हेर ठरवलं आणि भावानं नवऱ्याची. आणि ती बिचारी दोन्ही घरांतून रिकाम्या हातानं परत आली होती आणि कुणाजवळ काही बोलली नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की एरवी अशा वेळी सुचणारा विनोदही सुचला नाही.

"लाव ती," तो शेवटी म्हणाला. "आलोच आहे तर ऐकून जातो."

दागोबेर्तोनं रेकॉर्ड लावली. एक गिटार सावकाश वाजू लागलं. त्यात शेळी नव्हती, असलीच तर झोपलेली होती. मग एक पुरुष गाऊ लागला, जाड, खोल आवाजात.

"तुला फसवलं," उबाल्दो म्हणाला. "हा कुणी दुसराच आहे. त्या आचाऱ्यानं तुला शेळी म्हणून बैल विकला."

दागोबेर्तोनं त्याच्याकडे असं बघितलं की जणू आता खरंच कुणीतरी गेलंय. मग त्यानं हात लांब करून यंत्राचा वेगाचा खटका फिरवला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. रेकॉर्ड भरभर फिरू लागली, शेळी ओरडली, आणि घर पेटलेलं असताना ती बाई अंबाडा बांधू लागली.

"तू जलद वाजवतोस, दाजी. अख्ख्या बारान्कियात हे दोघांना माहीत असायला हवं होतं. एक मी."

तेव्हा उबाल्दोला तो एकोणऐंशीचा रविवार आठवला. गल्ली हलत नव्हती, म्हणून त्यानं घाबरून खटका फिरवला होता. त्या दिवसापासून 'शेळी' लावताना त्याचं बोट आपसूक खटक्याकडे जाई, आणि बोटानं ही गोष्ट डोक्याला कधी कळवली नाही. फोनला बाई सापडेना यात नवल ते काय. जगात अशी बाईच नव्हती. ती रेबोलोत जन्मली होती, एका घाबरट माणसाच्या बोटातून.

यादिराला बोलावलं. ती ड्युटीवरून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली. दागोबेर्तोनं रेकॉर्ड संथ वेगावर लावली, तिनं फोन धरला. पाच सेकंदही लागले नाहीत.

"अनातोल बिसेन्गा," तिनं वाचलं. "राहणार डुआला, आफ्रिका. जन्म अठ्ठेचाळीस."

"आणि गेला कधी?" उबाल्दोनं विचारलं.

यादिरानं बोटानं फोन वर-खाली केला. "गेला नाही, पप्पा. गेल्या वर्षीचा फोटो आहे. नातवाच्या लग्नात गिटार वाजवतोय."

तिघं मिळून रेबोलोत आले. वाटेत उबाल्दोनं ठरवलं होतं की नाव कसं सांगायचं, आधी काय, मग काय, माफी कुठल्या वाक्यात घालायची. पण यादिरा पुढं होती, आणि तिनं उंबऱ्यातूनच सांगून टाकलं. "ममा, सापडलं. अनातोल बिसेन्गा. बाई नाही, बाप्या आहे. आणि जिवंत आहे."

एम्पेरात्रीस तुरीच्या डाळीचं कालवण ढवळत होती. ती वळली. आधी तिनं भावाला बघितलं, मग नवऱ्याला, मग पुन्हा भावाला.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी एका धडधाकट माणसाच्या आत्म्याला शांती मागतेय."

"म्हणून तर टिकला," दागोबेर्तो म्हणाला.

ती हसली. खूप हसली, इतकी की डोळे पुसावे लागले. उबाल्दोला वाटलं, सुटलो. जेवायला बसल्यावर सगळं उलगडलं, खटका, बोट, पलंगाखालची रेकॉर्ड. चौऱ्याऐंशी सालचं दागोबेर्तोनं स्वतःच सांगितलं, मान खाली घालून. तेव्हा एम्पेरात्रीसच्या हातातली पळी थांबली.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तेव्हा होतं."

"आणि यालाही तेव्हा होतं." तिनं दागोबेर्तोच्या ताटात भात वाढला, उबाल्दोच्या ताटात वाढला, आणि खिशातून सुई काढून टेबलावर ठेवली. "बोललेय ते पाळते. नाव आलं, सुई घे. पण नाव मला फोननं सांगितलं, तुम्ही नाही."

आणि ती अंगणात जाऊन झुलत्या खुर्चीत बसली.

उबाल्दोनं जेवण अर्धं टाकलं. सुई बसवली, जुना पिको अंगणाच्या दाराशी ओढला आणि रेकॉर्ड लावली. आज बोटाला आवर घालून, सावकाश. अनातोल बिसेन्गा आपल्या खऱ्या आवाजात गाऊ लागला. भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "सेन्योर उबाल्दो, शेळीला ताप आलाय का?"

"जलद लाव," एम्पेरात्रीस मागं न बघता म्हणाली. "या माणसाला मी ओळखत नाही. चांगला असेल. पण माझं लग्न त्या बाईनं लावलंय."

त्यानं खटका फिरवला. दागोबेर्तो ताट घेऊनच बाहेर आला आणि पायरीवर बसला. कधी नव्हे ते एकाच ठिकाणी बसून तिघं ते गाणं ऐकत होते. दागोबेर्तो म्हणाला, त्याला त्यातला खालचा स्वर आवडतो, तो एकटाच शुद्धीवर असतो. उबाल्दो म्हणाला, त्याला गिटार आवडतं, उशिरा येऊन सबबी सांगणाऱ्या पाहुण्यासारखं. एम्पेरात्रीसनं नुसती खुर्ची झुलवली. तिनं एकोणऐंशी सालीच सांगून टाकलं होतं.

इतक्यात अव्हाकाडोवाला गाडी ढकलत फाटकाशी आला. चाळिशीचा माणूस, रोज इथूनच जाणारा. तो ओरडायचं थांबला आणि मान तिरकी करून ऐकू लागला.

"सेन्योर उबाल्दो, फार झकास आहे. कोण गातंय हे?"

"कुणास ठाऊक," उबाल्दो म्हणाला.

तोंडातून ते निघून गेल्यावरच त्याला कळलं. चाळीस वर्षांची जीभ, बोटासारखीच, डोक्याला न विचारता चालत होती. अव्हाकाडोवाल्यानं खांदे उडवले आणि गाडी पुढं ढकलली. एम्पेरात्रीसची खुर्ची झुलायची थांबली. ते उबाल्दोच्या पाठीला कळलं.

तो उठला आणि फाटकाबाहेर धावला. एक चप्पल अंगणातच राहिली. बहात्तर वर्षांचा माणूस, एका पायात चप्पल, क्रेनला थांबवावं तसे दोन्ही हात वर करून गल्लीतून धावतोय आणि ओरडतोय, हे दृश्य रेबोलोनं डोळे भरून बघितलं, आणि पुढं कित्येक दिवस त्याला करून दाखवलं. कोपऱ्यावर न्हाव्याच्या दारात त्यानं गाडी गाठली.

"अनातोल बिसेन्गा," तो धापा टाकत म्हणाला. "डुआलाचा. बाईसारखा वाटतो, कारण मी जलद वाजवतो. मी खरवडलं होतं नाव. मी. लिहून घे."

अव्हाकाडोवाल्याकडे कागद नव्हता. त्यानं गाडीवरच्या पाटीवर, 'आजचे पिकलेले' याच्याखाली, खडूनं ते नाव लिहून घेतलं. न्हावी कात्री घेऊन बाहेर आला आणि त्यानं नाव मोठ्यानं वाचलं. त्या दिवशी अख्ख्या रेबोलोत गाडी फिरली आणि जिथं जाईल तिथं लोक विचारत राहिले, अनातोल बिसेन्गा ही अव्हाकाडोची कुठली जात.

उबाल्दो दोन अव्हाकाडो घेऊन लंगडत परत आला. घेतल्याशिवाय निघणं बरं दिसलं नसतं. गाणं संपून सुई शेवटच्या रेघेवर घरघरत होती. दागोबेर्तो ताट पुसून खात होता. एम्पेरात्रीसनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, घामानं भिजलेला सदरा, एक उघडा पाय. मग उठली, सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि पिकोपाशी उभी राहिली.

"ही बाई कोण गातेय?" तिनं विचारलं.

उबाल्दोनं अव्हाकाडो खाली ठेवले. उघड्या पायाची धूळ झटकली. मग सांगायचं ते त्यानं नीट, सावकाश, नाव आणि आडनाव दोन्ही घेऊन सांगितलं.

एम्पेरात्रीसनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग पायरीवर जेवत बसलेल्या आपल्या भावाकडे एक नजर टाकून ती नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"दागोला सांगणार नाही हं मी," ती म्हणाली.